नॉर्मन क्रॅबट्रीने पैसे हलवले

नॉर्मन क्रॅबट्री चिडला की आरडाओरडा करत नसे. चहाचा मग टेबलावर जरा जोरात ठेवायचा, की त्या दिवसापुरतं बोलणं संपलं. इंग्लंडमधल्या टॉडमॉर्डन गावात चाळीस वर्षं त्याने लोकांच्या घरचे गॅसचे बॉयलर दुरुस्त केले, परक्या स्वयंपाकघरांत गुडघ्यांवर बसून आयुष्य काढलं; पण कोणाच्या घरात काय चाललंय हे कधी विचारलं नाही, आणि स्वतःचं कोणाला सांगितलं नाही. त्याचा पगार किती, हे त्याच्या सख्ख्या मेव्हणीला शेवटपर्यंत कळलं नाही.

गावातल्या जुन्या पतपेढीत त्याचं एक करमुक्त खातं होतं. वर्षाला ठरावीक रकमेपर्यंत पैसे त्यात टाकायचे आणि व्याजावर सरकारने हात लावायचा नाही, असं ते खातं. वर्षानुवर्षं थोडंथोडं टाकत त्यात चौऱ्याऐंशी हजार पौंड साठले होते. पण पतपेढी व्याज देत होती दीड टक्का. हडर्सफील्डची एक बँक साडेचार देते, असं त्याने पेपरात वाचलं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, पाच एप्रिलला सरकारी वर्ष संपायला नऊ दिवस असताना, तो कोट चढवून पतपेढीत गेला.

खिडकीशी मिसेस ओल्डरॉइड होत्या, वीस वर्षं त्याच खुर्चीतल्या. नॉर्मन म्हणाला, सगळे पैसे हलवायचेत. त्यांनी विचारलं, हलवायचे म्हणजे काय, दुसऱ्या करमुक्त खात्यात न्यायचेत का? नॉर्मनच्या मागे रांगेत बोलिंग क्लबचा स्टॅन्ली उभा होता, आणि स्टॅन्लीचे कान गावभर प्रसिद्ध होते.

"माझ्या पैशांचं मी काय करतो, ते तुम्हाला कशाला हवंय, बाई?" नॉर्मन म्हणाला.

"बरं, नाही विचारत. इथे सही करा."

त्याने सही केली. चेक आतल्या खिशात घातला, कोटाची बटणं वरपर्यंत लावली आणि बसने हडर्सफील्डला गेला. स्वतःची वस्तू स्वतः उचलून न्यावी, हा त्याचा आयुष्यभराचा खाक्या.

हडर्सफील्डच्या बँकेतल्या माणसाने चेक उलटापालटा करून पाहिला आणि विचारलं, हे पैसे तुम्ही स्वतः काढून आणलेत? मग त्याने शांतपणे समजावलं. जुना करमुक्त पैसा एका खात्यातून दुसऱ्यात न्यायचा, तर नव्या बँकेने फॉर्म भरून जुन्या संस्थेकडे मागायचा असतो. मालकाने त्याला हात लावायचा नाही. हात लावला, की तो साधा पैसा झाला. आणि साधा पैसा करमुक्त खात्यात वर्षाला वीस हजारच आत जातो. उरलेल्या चौसष्ट हजारांच्या व्याजावर आता कर.

नॉर्मनने वीस हजार भरले, बाकीचे साध्या खात्यात ठेवले आणि परतीच्या बसमध्ये खिडकीबाहेर एकदाही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो पतपेढीत उभा राहिला आणि म्हणाला, पैसे परत आत घ्या. घेता येत नाहीत, म्हणाल्या मिसेस ओल्डरॉइड. बाहेर गेलं ते गेलं. त्याने तक्रार लिहिली, तीन पानांची. माझ्यासारख्या अडाण्याला कोणी नियम सांगितला नाही, तुमची बाई झोपा काढते, मी कोर्टात जाईन. ती त्याने मुलीला, ग्लेनिसला, फोनवर पूर्ण वाचून दाखवली.

चार दिवसांनी शाखेच्या साहेबांनी त्याला बोलावलं. ग्लेनिसही आली. साहेबांनी फक्त त्याने सही केलेला कागद पुढे सरकवला. खाली मिसेस ओल्डरॉइडच्या नीटस अक्षरात एक ओळ होती: दुसऱ्या करमुक्त खात्यात नेणार का, असे विचारले, ग्राहकाने सांगण्यास नकार दिला.

ग्लेनिसने ती वाचली. मग बापाकडे पाहिलं.

"बाबा, तिने विचारलं होतं?"

"स्टॅन्ली मागे उभा होता."

"मग? स्टॅन्ली तुमचे पैसे खाणार होता?"

नॉर्मनचे कान लाल झाले होते. साहेबांवर, बाईंवर, सरकारवर, स्टॅन्लीवर, आळीपाळीने सगळ्यांवर त्याने राग टाकून पाहिला. कुठेच तो नीट बसेना. शेवटी राग जिथला होता तिथेच परत आला, आणि तो सहन करणं सगळ्यांत कठीण गेलं. तक्रारीची तीन पानं त्याने मागून घेतली, घडी करून खिशात कोंबली आणि दार आपटून बाहेर पडला.

घरी येऊन त्याने पेन्सिल घेतली. सहा एप्रिलला नवं वर्ष सुरू. तेव्हा आणखी वीस आत. पुढच्या एप्रिलला वीस. त्याच्या पुढच्या एप्रिलला वीस. आणि उरलेल्या चार हजारांसाठी आणखी एक एप्रिल. तोवर तो ब्याऐंशीचा होणार होता. डॉक्टरांनी हृदयाबद्दल जे सांगितलं होतं, तेही त्याने कोणाला सांगितलेलं नव्हतं.

ग्लेनिस चहा करत होती. तिने विचारलं, काय लिहिताय?

नॉर्मनने पेन्सिल खाली ठेवली. मग कागद तिच्याकडे फिरवला, आकड्यांसकट.

"हे बघ," तो चिडूनच म्हणाला. "आणि बस इथे. डॉक्टरांचंही सांगायचंय."