नलूने न मोजलेली मुलगी

ओंकारचा फोन आला तेव्हा मी धाकट्या डहाणूला बंदरावर बोंबील घेत होते. ओंकार माझ्या धाकट्या बहिणीचा, नलूचा मुलगा. कॅनडात वाढलेला, मराठी जपून बोलणारा. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाला आणि पुढचं इंग्रजीत सांगू लागला. ती आजारी होती हे माहीत होतं, पण इतक्यात... मी कोळणीला पैसे दिले, पिशवी उचलली, आणि मनात पहिला विचार आला तो असा, की नेहमीप्रमाणे ही आपली सुटली आणि निस्तरायला मला ठेवून गेली. घरी आल्यावर बोंबील शेजारणीला देऊन टाकले. रडू आलं नाही. अजूनही नीटसं आलेलं नाही. आता महिना-दीड महिना उलटलाय, तिच्याविषयी लिहायला बसले आहे, तर जो तो सांगतो, चांगलं तेवढं लिहा. तेवढंच लिहायचं तर पोस्टकार्ड पुरलं असतं.

आमचं माहेर उधव्याचं. भात, नाचणी, थोड्या बकऱ्या-कोंबड्या, आणि आम्ही दोघी बहिणी. नलू दिसायला नाजूक आणि स्वभावाने चिवट. वस्तू द्यायची आणि मग परत मागायची, ही तिची खोड. आपल्या वाट्याचे ताडगोळे "ताई, तू घे गं" म्हणून माझ्या हातात ठेवायची आणि माझे सोलून झाले की शेजारी येऊन बसायची, "अर्धा दे ना." माझ्या लग्नात तिनेच दिलेली जांभळी साडी दोन वर्षांनी "फक्त नेसून देते" म्हणून घेऊन गेली, ती तिच्याच कपाटात राहिली. घरात सगळ्यांना याचं कौतुक. मला कधी हसू आलं नाही.

माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मूल नव्हतं. नलू तेव्हा वापीच्या एका दवाखान्यात नर्स होती. ओंकारच्या पाठीवर तिला मुलगी झाली. बारशाला उधव्याच्या पडवीत सगळी भावकी जमलेली असताना नारळ-तांदळाबरोबर तिने ती मुलगी माझ्या ओटीत घातली. म्हणाली, "ताई, ही तुझी. आजपासून मी हिची मावशी." मी तिच्या नवऱ्याकडे पाहिलं, त्याने मान हलवली. आमच्याकडे एवढं पुरतं. भावकीसमोर दिलं म्हणजे दिलं, त्यासाठी कोर्टाची पायरी कोण चढतो? जन्माच्या दाखल्यावर आईबाप तेच राहिले, आणि घरात रेवा मला आई म्हणू लागली. मी मात्र निर्धास्त कधीच नव्हते. नलू आज ना उद्या परत मागणार, ही धास्ती मी त्या पोरीबरोबरच वाढवली.

रेवा चार वर्षांची असताना नलू, तिचा नवरा आणि ओंकार कॅनडाला गेले ते तिथलेच झाले. मग दर रविवारी फोन. तिच्या केसांना तेल लावतेस ना? इंग्रजी शाळेत का नाही घातलीस? इतकी काळवंडली कशी? दोनदा आली तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात शिरून भांड्यांवरची झाकणं उचलून पाहायची. म्हणवून घ्यायची मावशी आणि वागायची सासूसारखी. मी दात-ओठ खात चहा टाकायचे.

रेवा एकोणीस वर्षांची झाली आणि मागणं आलंच. "ताई, रेवाला मी इकडे बोलावते. मुलगी म्हणून मला तिला स्पॉन्सर करता येतं. कायमची राहील, तिचं भलं होईल."

"बारशाला काय म्हणाली होतीस ते आठव," मी म्हटलं.

"ते वेगळं गं."

मी फोन आपटला. पुढचे कितीतरी रविवार उचललाच नाही. पण रेवाच एक दिवस माझ्यापाशी येऊन बसली. "आई, तुझ्यावर रागावून नाही... पण मला जायचंय." तिच्याशी भांडले नाही. तो सगळा राग नलूच्या खाती जमा केला आणि हो म्हटलं. रेवाने तलासरीचं कॉलेज सोडलं, वापीला इंग्रजीच्या क्लासला जाऊ लागली. घरात ती असायची, पण मनाने केव्हाच निघालेली. मी तिच्यासाठी लोणची घालायला घेतली होती.

नलूने केलेल्या अर्जाचं उत्तर आलं ते नकाराचं. नलूने फोनवर सांगितलं तेव्हा तिचा आवाज मला ओळखू येईना. स्वतः कायमचं राहायला जाताना जे मूल कागदावर दाखवलं नाही, त्याला पुढे मुलगा-मुलगी म्हणून बोलावता येत नाही, असा तिकडचा नियम. आणि नलूने रेवाला दाखवलंच नव्हतं.

"पोरीचं नाव लिहायला हात मोडले होते तुझे?" मी ओरडले.

"वापीचा एजंट विचारत होता, बेन, छोकरां केटलां, मुलं किती? मी म्हटलं, एक छोकरो. ताई, तुझ्या ओटीत घातलेली पोर मी माझ्यात कशी मोजू? तुझ्याकडून काढून घेतल्यासारखं झालं असतं ते..."

जन्मभर दिलेलं परत मागत आलेली ही बाई एकदाच शब्दाला जागली, आणि तेही नेमकं जिथे जागायला नको होतं तिथे. तिथे नेहमीसारखी वागली असती तर पोरीचं दार बंद झालं नसतं. त्या खरेपणासाठी मी तिला अजून माफ केलेलं नाही. रेवाने माझ्या हातातून फोन घेतला आणि विचारलं, "मावशी, तू जेवलीस का?" त्यानंतर तिने कॅनडाचा विषय काढला नाही. नलू आजारी पडल्यावर चार दिवस भेटून यावं म्हणून व्हिसा मागितला, तोही मिळाला नाही.

नलू गेली त्या दिवशी संध्याकाळी उधव्याहून आमच्या चुलत्यांचा फोन आला. म्हातारे रीतभात पाहणारे. "नलूचे दिवस तिकडं ओंकार करंल. पण पोरीनं सुतक कसं धरायचं? मावशी म्हणून तीन दिवस, का आई म्हणून पुरं दहा? पोर तुझी, तू सांगशील तसं." रेवा दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. माझ्याकडे पाहत होती. तीन म्हणायचा मला पूर्ण हक्क होता. इतकी वर्षं त्या एका 'मावशी' शब्दासाठी मी नलूशी भांडत आले होते.

"पुरं," मी म्हटलं. "ती नलूची मुलगी आहे."

रेवा तशीच आतल्या खोलीत गेली आणि पहिल्यांदा मोठ्याने रडली.

लग्न झालेल्या बहिणीचं सुतक आमच्याकडे तीनच दिवस. ते मीही पाळलं. आम्ही दोघी आतल्या खोलीत एकाच चटईवर निजलो, शेजारणीने आणलेलं खाल्लं. चौथ्या दिवशी मी डोक्यावरून पाणी घेतलं, देवाजवळ दिवा लावला आणि स्वयंपाकाला लागले. रेवा चटईवरच होती. तिचे दिवस अजून सरायचे होते. मी तिचं ताट वेगळं वाढलं आणि तिला शिवू नये म्हणून उंबऱ्याशी ठेवून मागे झाले.