हसऱ्या डोक्याची ऑर्डर

डोकं हसत होतं आणि समोर बसलेली म्हातारी त्याला शिव्या घालत होती.

"माझा घोव गेला म्हणून सांगत्ये, आणि तू दात काढतोस मेल्या?"

पावसजवळच्या एका वृद्धाश्रमात आमचा डेमो चालला होता. डोकं रबराचं. आत बारीक मोटारी. त्या कातडी ओढतात, तशा भुवया, गाल, ओठ हलतात. म्हाताऱ्यांशी गप्पा मारायच्या, दुःख ऐकून तोंड पाडायचं, हे त्याचं काम. रत्नागिरीतल्या आमच्या कंपनीने बनवलेलं. आश्रमाने घेतलं तर कंपनी चालणार, नाहीतर कुलूप. बायको गेल्यापासून मला घरात बसवत नाही, म्हणून कुलूप मला नको होतं.

चेहरा मी घडवलेला. शाळा जेमतेम, जन्म गेला गणपती करण्यात.

सुरुवातीला डोक्याने तोंड झकास पाडलं. पण म्हातारी थांबेना. मोटारी तापल्या की आपोआप बंद पडतात. बंद पडल्या, आणि कातडी सैल सुटून मूळ साच्याच्या आकारावर आली. साचा माझा. माझ्या हातून चेहरा प्रसन्नच निघतो. रडका गणपती कोण घरी नेतो?

आमच्या कंपनीचे मालक लिमये साहेब, त्यांनी मला बाहेर ओढलं. "काका, साचा बदला. दुःखी करा."

"मग वाढदिवसालाही रडेल ते."

"मधला करा. सहानुभूतीचा."

"तो कसा असतो?"

त्यांनी करून दाखवला. पोट साफ न झाल्यासारखा.

आमची ही गेली तेव्हा असले चेहरे रांगेने आले होते. काळजी घ्या म्हणाले, चहा प्यायले, गेले. शेजारचा दत्ताराम तेवढा अजून येतो. पडवीत बसून सुपारी कातरतो, माझ्याकडे बघतसुद्धा नाही. त्याच्यामुळे संध्याकाळ निघते. हे मी साहेबांना सांगितलं.

"न बघणं," ते म्हणाले, "चांगलं फीचर आहे. पुढच्या मॉडेलला टाकू."

तेवढ्यात आश्रमाच्या मॅनेजर बाई आल्या. "आत नको हे. रिसेप्शनला ठेवू. तिथे हसरंच लागतं."

ऑर्डर मिळाली. साहेबांनी पेढे वाटले. म्हातारीचं कोणी विचारलं नाही.

आता ते डोकं दारात असतं. मुलं आईबापाला सोडायला येतात, सही करतात, गाडीत बसतात. डोकं त्यांच्याकडे बघून हसतं. अजून एकानेही शिवी घातलेली नाही.

माल करायच्या आधी गिऱ्हाईक कोण ते विचारून घ्यावं. आम्ही उगाच म्हातारीला धरून बसलो होतो.