सरांच्या मिसेस

"मॅडम, कळलं का? मोहन सरांच्या मिसेस गेल्या." देवबागला लेकीकडे होते, तिथे कॉलेजातल्या क्लार्कचा फोन आला. क्षणभर मला उमजेचना, कोण बाई ही मिसेस! आणि मग लख्खकन कळलं... वसुधा. कुडाळच्या आमच्या कॉलेजात जन्मभर इंग्रजी शिकवलेली वसुधा. मी मराठी शिकवायचे, ती इंग्रजी, आणि स्टाफरूममध्ये दोघी भांडायचो मालवणीत. महिना उलटून गेला, पण त्या फोनचा राग अजून माझ्या डोक्यातून उतरलेला नाही.

घरी आलेल्या राजाचा खून करायला नवऱ्याला भरीस घालणारी बाई ज्या जुन्या इंग्रजी शोकांतिकेत आहे, ती शिकवायची म्हटलं की वसुधाच्या अंगात यायचं. ती बाई काळोखातल्या शक्तींना 'मला निष्ठुर करा' म्हणून विनवते, तिथे ही पुस्तक मिटून ठेवायची. "पोरांनो, ह्यां गाऱ्हाणां! फरक इतकोच, देवाक नाय, भुतांक घातलेलां." आणि देवापुढे मागणं मागताना गावकर देवळात घालतात त्या चालीवर स्वतःच गाऱ्हाणं सुरू करायची. गाऱ्हाण्याला साथ द्यावी तसा वर्ग बाकं बडवत ओरडायचा, "व्हय म्हाराजा!" शेजारच्या वर्गातून मी डोळे वटारून यायचे, तर ही हसतेय. पण हसणं ओसरलं की विचारायची, "आता सांगा, एवढ्या गाऱ्हाण्यात हिने स्वतःसाठी काय मागितलं?" आणि स्वतःच उत्तर द्यायची, मुकुट नवऱ्याला, राज्य नवऱ्याला. मी म्हणायचे, अगो, पण खून तो खूनच ना? तर फणकारायची, "मी खुनाचां बोलणंय नाय, गाऱ्हाण्याचां बोलतंय. हिका म्हत्वाकांक्षी म्हणतत, आणि नाटकात हिचां सोताचां नावसुद्धा नाय गो!" नवरा पुढचे खून तिला न सांगता करतो, आणि ती बाई पडद्यामागे मरून जाते. हे सांगताना वसुधाचा आवाज चढायचा.

मग प्राचार्यपद रिकामं झालं. मोहनराव, तिचे यजमान, त्याच कॉलेजात इतिहास शिकवायचे. सेवेत वसुधा त्यांच्याहून ज्येष्ठ. वालावलला त्यांच्या पडवीत आम्ही तिघं बसलो असताना ती एकदम म्हणाली, "ह्या खेपेक मी बसतंय त्या खुर्चेर." पेपरातून मान वर न काढता मोहनराव म्हणाले, "बस मगे! आदी चाय टाक." ती हसली, चहा टाकायला उठली, आणि तो विषय तिथेच संपला. पुढे काय करावं तिने? पदर खोचून नवऱ्यासाठी शब्द टाकायला संस्थेच्या एकेका संचालकाच्या घरी गेली! ते प्राचार्य झाले, आणि लोक म्हणाले, "बायल भारी आगाव! तिनाच तेका चढवल्यान." मला असा संताप यायचा... पण तिच्यावर की लोकांवर, ते आजही सांगता येत नाही. वर्षभरात मोहनराव तिच्याशी कामापुरतं बोलायला लागले. "माका काय इचारनत नाय गो आता," असं एकदाच म्हणाली. त्यानंतर ते नाटक शिकवताना तिने गाऱ्हाणं घालणं सोडलं. सरळ वाचायची, अर्थ सांगायची, बाहेर यायची. बाकं बडवणं बंद झालं, आणि कॉलेजात सगळ्यांना बरं वाटलं. मला ते बघवत नसे.

शोकसभा कॉलेजातच झाली. मोहनराव बोलायला उठले, चांगलं बोलले, रडलेही. बायकोवर माया नव्हती असं मी कसं म्हणू? शेवटी म्हणाले, "तिने आयुष्यात स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही." सभागृहात माना डोलल्या. माझ्या मागे कोणी हळहळलं, अशी बाई होणे नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बसल्या जागेवरून म्हटलं, "मागितलेलं, भावोजी! प्राचार्याची खुर्ची मागितलेली. तुमच्याकडेच, पडवीत, माझ्यासमोर." वाटलं, आता हे भडकतील, नाहीतर मान तरी खाली घालतील. त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे नीट पाहिलं, आणि अगदी खऱ्या मनाने विचारलं, "कधी गो?"