भाऊंच्या ढेरीवरून ट्रॅक्टर

आमच्या गावाच्या नाल्यावर पूल नाहीये. चाळीसगावहून आमच्याकडे यायचं तर गाडी नाल्यात घालायची आणि पलीकडे चढवायची, बस. गेल्या वर्षी तिथेच कपाशीचा ट्रॅक्टर उलटला आणि आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, पाय मोडला.

दर निवडणुकीत पूल देणारे आमचे पुढारी भाऊ दवाखान्यात आले, फोटो काढला, गेले. मला इतका राग आला ना, घरी येऊन थेट पेन्सिलच घेतली! मी व्यंगचित्रं काढतो, लोकांची नाकं-पोटं वाढवून. भाऊंना मी नाल्यावर आडवं झोपवलं. डोकं या काठावर, पाय त्या काठावर, तोंड उघडं, मस्त घोरतायत. ढेरीवरून ट्रॅक्टर चढतोय. आणि कोपऱ्यात, काठावर, प्लास्टरवाले आबा. ते घरी आल्यावर त्यांना खाटेवर बसवून, समोर बघून काढलं. ते सारखे म्हणत होते, "मना पाय दिखाले जोयजे हां!" पाय दिसलाच पाहिजे, एवढीच त्यांची अट.

स्टेटसला टाकलं. दुसऱ्याच दिवशी भाऊंच्या कार्यकर्त्याचा फोन, ऑफिसला ये. वाटलं, आता मार बसणार. खरं सांगू? आनंदही झाला. चित्र लागलं म्हणजे!

भाऊ मोबाइल बघून गदागदा हसत होते. "ढेरी जरा जास्तच काढली रे! पण बरोबर पकडलंस. लोकांसाठी मी असाच आडवा पडतो."

"भाऊ, पूल झाला नाही म्हणून काढलंय. तुम्ही झोपलेले आहात त्यात."

कार्यकर्ता मध्येच ओरडला, "अरे तेच ना! पूल नाही, पण भाऊ आहेत!"

टाळ्या. माझ्या खांद्यावर शाल, हातात नारळ, फोटो.

भाऊंच्या वाढदिवसाला चित्र फ्लेक्सवर आलं, हे एवढं मोठं, नाल्याच्या तोंडाशीच. घोरणारं तोंड कुणीतरी कॉम्प्युटरवर बंद करून हसरं केलेलं.

आबा कुबडी टेकत बघायला निघाले. मी नको नको म्हणत होतो, पण ऐकतील तर ना. भेटेल त्याला सांगत होते, "मना पोऱ्यानं काढेल शे!" फ्लेक्ससमोर उभे राहिले, कौतुकानं सगळं बघितलं, मग काठाचा कोपरा शोधायला लागले. तिथे शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो होते, ओळीनं.

"मी कोठे शे रे यामा?"

मागून ट्रॅक्टर हॉर्न मारत होता, त्याला नाल्यात उतरायचं होतं. मी आबांचा हात धरून त्यांना बाजूला घेतलं.