शिवी ऐकून हसलेली वसुधा

समोर पाण्याचा गडवा होता आणि मला पाणी म्हणता येत नव्हतं. तोंड उघडलं की नुसतं ‘ता… ता…’ निघे. उजवा हात लुळा पडला होता. दवाखान्यातून नुकतंच घरी आणलं होतं आणि माझा मुलगा मनोहर माझ्याच खाटेशी उभा राहून जमलेल्या बायांना सांगत होता, “आईचं डोकं गेलं. तिले काई समजत नाई आता.” मला सगळं समजत होतं. एकीनं तर माझ्या पाटल्या कोणाकडे जातील तेही विचारून घेतलं.

वसुधा मागच्या महिन्यात नागपूरला वारली. तिच्याबद्दल लिहायला बसले की हा दिवस आधी आठवतो. ती आली नसती तर मी जिवंत असून मेल्यातच जमा होते.

वसुधा भाषेचा अभ्यास करायची. सावली तालुक्यातल्या आमच्या गावात ती पहिल्यांदा आली तेव्हा धानाची रोवणी चालू होती. आमचं बोलणं ऐकायला म्हणून धानाच्या पाणी भरलेल्या बांधीत उतरली आणि चिखलात आपटली. मी म्हटलं, “काऊन वो बाई, बोलणंही का शिकाव लागते? ते तं लेकरालेही येते.”

“तेच तं पाहाचं हाये. लेकराले कोणी शिकवत नाई, मंग येते कसं?”

“अन् याचा पगार भेटते तुले?”

“भेटते. पण कमी.”

मी चौथीपर्यंत शिकले. ‘मले’ म्हटलं की मास्तर छडी मारत. मला वाटलं, हीसुद्धा चुका काढायला आली. तिनं एकही काढली नाही. लोकांनी कसं बोलावं हे सांगणं तिचं काम नव्हतं. लोक बोलतात कसे, आणि बोलताना डोक्यात काय चालतं, ते ती शोधायची. आमची झाडी बोली, जंगलातल्या लोकांची गोंडी, पुस्तकातली मराठी, तिला सगळ्या सारख्याच पूर्ण वाटत. पुढं ती दरवर्षी येत राहिली, आमची रोवणीची गाणी ऐकत, स्वतः बेसूर म्हणत. मला ती आवडायची, पण तिच्या अभ्यासाचा उपयोग काही कळला नव्हता. धान लावलं तर धान येतं. यातून काय येणार…

माझ्या झटक्याचं कळल्यावर ती आली. मनोहरनं तिलाही तेच सांगितलं. ती त्याच्याशी बोललीच नाही. माझ्याजवळ बसून म्हणाली, “बाई, खिडकीकडं पाहा.” मी पाहिलं. “डावा हात वर करा.” केला. मग मनोहरकडे बोट दाखवून विचारलं, “हा तुमचा नवरा हाये का?”

“हट सटवे!” माझ्या तोंडून निघालं. साफ, खणखणीत.

सून पदरात तोंड घालून हसली. वसुधा तर टाळ्या वाजवून हसली. मग मनोहरला म्हणाली, “भाऊ, डोकं जागेवर हाये त्यायचं. शब्द शोधून काढणं अडलं हाये. शिव्या अन् गाणी असं झाल्यावरही पुष्कळदा राह्यतात. औषध बंद करू नका, अन् यायच्यासमोर हे बोलणंही करू नका.” मनोहर वाईट नाही, त्याला ठाऊक नव्हतं. मलाही कुठं ठाऊक होतं?

तिनं माझ्या डाव्या हातावर ताल धरून रोवणीचं गाणं सुरू केलं. पहिली ओळ तिची, दुसरी माझ्या तोंडून आली. शब्दांसकट. मी रडले नाही, पण गाणं थांबवलंही नाही. मग तिनं सुनेला शिकवलं. त्याच चालीत ‘पाणी दे’ म्हणायचं, ‘भूक लागली’ म्हणायचं, मग हळूहळू चाल सोडायची. सुनेनं रोज केलं. पावसाळा सरेपर्यंत मी सुनेशी भांडू लागले. सगळं परत आलं नाही. आजही मधेच अडते, नावं सापडत नाहीत.

वसुधानं आपल्या दुखण्याचं मला उशिरा सांगितलं. शेवटच्या फोनवर तिला धाप लागत होती. मी म्हटलं, “तू नको बोलू, मी बोलतो.” धानाचं सांगितलं, मनोहरचं सांगितलं, अडखळत पुष्कळ बोलले. तिनं शेवटी एवढंच विचारलं, “अन् सून?” म्हटलं, “तिलेही शिव्या देऊन राह्यलो.” तिकडून हसण्याचा आवाज आला… मग खोकल्याचा.

वसुधा माझ्या लेकीच्या वयाची होती. ती वारली. मी जगले.