चटणीतले डॉलर
जवस भाजल्याचा खमंग वास आला की माझे पाय अजूनही जागच्या जागी चुळबुळायला लागतात. काही वर्षांपूर्वी साकोलीहून आम्ही दोघं नवरा-बायको एका गटाबरोबर श्रीलंकेची बुद्धविहारं पाहायला निघालो, तेव्हा चोरांच्या धाकाने मी सगळे डॉलर पातळ पिशवीत गुंडाळून जवसाच्या चटणीच्या डब्यात पुरले. कोलंबोच्या विमानतळावर पैसे बदलून देणाऱ्या बाईने तेलाने माखलेली पहिली नोट चिमटीत धरली, हुंगली आणि परत सरकवली. मग दुसरी, मग तिसरी. बाहेर आमच्या गटाची बस हॉर्नवर हॉर्न देत होती आणि आता आठ दिवस खायचं काय, या विचाराने माझे पाय जागच्या जागी चुळबुळायला लागले. "अजी, चटणीत कायले ठेवले?" बायकोने विचारलं. "चोराले सापडू नाई म्हणून." "आता तं चोरबी घेत नाई." एवढं बोलून ती पाठमोरी झाली आणि पदराआडून तिने शंभर-शंभर डॉलरच्या दोन कोऱ्या नोटा काढल्या. मी डबा भरायच्या आधीच तिने त्या माझ्या पाकिटातून लांबवल्या होत्या. हल्ली प्रवासात पैसे तिच्याकडेच असतात. माझ्याकडे फक्त माझा पासपोर्ट, आणि तोही ती दर तासाला मागून बघते.