कडब्याची गंजी आणि चौथा बोअर

आज प्रयोगशाळेत ओल्या काळ्या मातीचा नमुना फोडला आणि त्या वासाने मी थेट सिरसाळ्याला जाऊन पोचले. माझी पहिली नोकरी, शाळेच्या नव्या इमारतीचा पाया. माती तपासायला चार बोअर घेतले होते आणि चारही ठिकाणी खाली घट्ट मुरूम लागला होता. फक्त चौथा बोअर दहा पावलं अलीकडे घेतलेला, कारण ठरलेल्या कोपऱ्यात कडब्याची गंजी होती. वहीत मीच तसं लिहिलं होतं, पण भिडेपोटी कुणाला बोलले नव्हते.

काँक्रीट ओतायच्या सकाळी त्याच कोपऱ्यातला खड्डा साफ करताना मजूर सुमनबाईंनी पहार मारली. मुरमावर ठणकन वाजायची ती हातभर आत गेली.

"म्याडम, हितं लई मऊ हाय."

"आता तेवढ्यासाठी काँक्रीट कशापायी थांबवायचं?" ठेकेदार हसला. "म्याडमच्या इंग्रजी पुस्तकात काय लिवलंय?"

सगळे माझ्याकडे बघत होते. "खाली काय आहे, मला माहीत नाही," मी कशीबशी म्हणाले. "म्हणूनच थांबा. आणखी खणा."

दुपारपर्यंत राख, खापरं आणि ओला गाळ वर आला. तो कधीतरी बुजवलेला आड होता.

"पोरं बसनार व्हती की ह्याच्यावर," सुमनबाई पुटपुटल्या.

'माहीत नाही' म्हटल्याची मला पुढे कितीतरी दिवस लाज वाटायची. आज वाटतं, त्या दिवशी मी तेवढंच बरोबर बोलले. त्या दुपारी सुमनबाईंनी अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली तेव्हा कुठे मला सकाळपासून पहिल्यांदा भूक लागली.